नमुन्याची विहीर

मुलगी कॉलेजातून घरी आली ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बाटल्यांचं खोकं घेऊन. अठ्ठेचाळीस बाटल्या, सगळ्या रिकाम्या. बापानं खोकं उतरवून घेतलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मास्तरीण, तुला शिकायला पाठवलं होतं. भंगार गोळा करायला नाही."

"बाबा, हे शिकणंच आहे."

"असेल बाई. आमच्या वेळी पाटी होती."

बापाला वस्तीत सगळे जुडीवाला म्हणत. कोथिंबीर आणि पालक लावायचा, जुड्या बांधून बाजारात न्यायचा. त्याची जुडी लांबून ओळखू यायची. मुळं धुतलेली, पिवळं पान काढून टाकलेलं, बांधणी अशी की पोरानं ओढली तरी सुटणार नाही. तीस वर्षांत कुणी त्याची जुडी परत केली नव्हती, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचाच. बायको म्हणायची, "पुरे झालं. भाजी विकता, की आरती करून घेता?"

मुलीचा विषय पर्यावरणाचा. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःचा प्रकल्प करायचा, दुसऱ्याचं बघून चालत नाही. बाकीच्या पोरींनी पक्षी घेतले, झाडं घेतली. हिनं आपल्याच वस्तीतल्या बारा विहिरी घेतल्या. का, ते तिनं मॅडमना सांगितलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. पण घरी न कळायला काय झालं? दोन वर्षांपासून आईच्या पोटात कळा यायच्या. उजव्या हाताचा पंजा लुळा पडत चालला होता. भरली घागर उचलली की मनगट खाली जायचं आणि घागर सटकायची. डॉक्टर म्हणाले वात आहे. शेजारीण म्हणाली नजर आहे. मुलगी म्हणाली, शिसं आहे.

टेकाडाच्या पलीकडं जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी एका खड्ड्यात साठायचं आणि तिथून जमिनीत मुरायचं.

"पण आपलं पाणी तर काचेसारखं आहे," जुडीवाला म्हणाला.

"शिसं दिसत नाही, बाबा. वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, तुरटीनं बसत नाही."

"मग ते आहे हे कळतं कुणाला?"

"यंत्राला."

"म्हणजे आम्ही माणसं उगाच," असं म्हणून तो वाफ्याकडं निघून गेला. त्याला ते पटलं नव्हतं. पण मुलगी म्हणतेय तर काहीतरी असेल, एवढा विश्वास होता.

हिवाळाभर मुलगी दर पंधरवड्याला येऊन स्वतः बाटल्या भरून नेत होती. उन्हाळ्याचे चार हप्ते मात्र परीक्षेत अडकले, आणि तेच चार हप्ते महत्त्वाचे. पाणी खाली गेलं की त्यात काय आहे ते खरं कळतं, असं ती म्हणाली. म्हणून तिनं बापाला ओट्यावर बसवून शिकवलं. बाटली त्या त्या विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळायची. दोरीला बांधून हातभर खोल सोडायची. झाकण घट्ट लावायचं, वर नंबर लिहायचा. आपली विहीर सात नंबर. सगळ्या बाटल्या शनिवारी सकाळच्या बसच्या कंडक्टरकडं द्यायच्या, तो कॉलेजच्या फाटकावर उतरवील.

"प्रत्येक विहिरीचा नमुना नीट घ्या हं बाबा," ती निघताना म्हणाली. "माझं सगळं वर्ष त्यावर आहे."

नमुना. हा शब्द जुडीवाल्याच्या कानात शिरला तो तिथंच बसला. बाजारात व्यापारी विचारतो, नमुना दाखव. तेव्हा तुम्ही काय टोपलीत हात घालून हाताला लागेल ती जुडी काढता? नमुन्याची जुडी आदल्या संध्याकाळीच वेगळी काढायची, ओल्या फडक्यात ठेवायची, सकाळी झटकून वर मांडायची. लबाडी नव्हे ती. वर एक आणि खाली दुसरं असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. पण माणूस लग्नाला जाताना तोंड धुतो की नाही? तेवढंच.

पहिल्या शुक्रवारी तो आपल्या विहिरीच्या काठावर उभा राहून आत बघत बसला. कडेला शेवाळ. पाणी जेमतेम कमरेएवढं. वर वाळकी पानं, एक मेलेला बेडूक पोट वर करून. बायको धुणं घेऊन आली तर हा तसाच उभा.

"काय हरवलं?"

"हे कॉलेजात जाणार," तो म्हणाला. "वर्गात मांडणार. सुताराची विहीर, शिवणवालीची विहीर आणि ही तिची स्वतःची. स्वतःच्या घरची विहीर नापास झाली तर पोरीला मार्क कोण देईल?"

"विहीर कशी नापास होईल?"

"तुला नाही कळायचं."

त्यालाही कळलेलं नव्हतं. तीच तर गोम होती.

शुक्रवार हा त्याच्या पाटपाण्याच्या पाळीचा दिवस. हप्त्याला तीन तास पाटाचं पाणी मिळायचं आणि उन्हाळ्यात त्या तीन तासांवर अकरा वाफे जगायचे. त्यानं मोटार लावली, विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणी उपसून काढलं. त्यात दोन वाफे भिजले. मग दोर धरून खाली उतरला, घमेल्यानं गाळ भरून दिला. वर बायको दोर ओढायची. तिचा उजवा हात धरत नव्हता म्हणून दोर डाव्या कोपराला गुंडाळून ओढायची. बावीस घमेली झाली. कोपराला वळ उठले. मग त्यानं कुदळीनं बांध फोडला, पाटापासून विहिरीपर्यंत चर खणला आणि वाफ्यांकडं जाणारं दार मातीनं बुजवून टाकलं. तीन तास पाटाचं पाणी विहिरीत पडत राहिलं.

पाळी बघायला पाटकरी सायकलवरून आला आणि बघतच राहिला. "अरे, लोक विहिरीचं पाणी पिकाला देतात. विहिरीला पाणी पाजणारा नमुना पहिलाच बघितला!"

"माझी पाळी, माझं पाणी."

"घाल बाबा, कुठंही घाल. मला काय." हसत हसत तो पुढं गेला.

"वाफे सुकतील हो," बायको म्हणाली.

"चार हप्ते. पोरीचं वर्ष मोठं की कोथिंबीर मोठी?"

शनिवारी पहाटे उठून तो बाराही विहिरींवर फिरला. अकरा विहिरींत बाटली सोडली, भरली, झाकण लावलं. जसं होतं तसं. दुसऱ्याचा माल आपण कशाला निवडायचा? आणि सातव्या बाटलीत पाटाचं ताजं, थंडगार पाणी. असं त्यानं चारही हप्ते केलं. दर शुक्रवारी उपसा, दर शुक्रवारी भरणी. तिसऱ्या हप्त्याला कोथिंबीर पिवळी पडून फुलावर आली, पालकाची पानं कडेनं जळली. चौथ्या हप्त्याला बाजारात त्याच्या जागेवर दुसराच कुणी बसला. त्यानंतर पाट उन्हाळ्यासाठी बंद झाला आणि पाटकऱ्याची दुसरीकडं बदली झाली.

मुलगी परीक्षेत होती. बाटल्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं तपासल्या, आकडे मॅडमनी लिहिले. इतक्यात पाणीपुरवठ्याच्या कचेरीनं कॉलेजला विचारलं, आमच्याकडं माणसं नाहीत, तुमच्या मुलीनं त्या वस्तीच्या विहिरी तपासल्यात म्हणे, उन्हाळ्याचे आकडे असतील तर द्या. दोन दिवसांची मुदत होती. मॅडमनी दिले. भल्या बाई, त्यांना वाटलं पोरीचं काम कपाटात धूळ खाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल.

आलंही. शाळेच्या भिंतीवर यादी लागली. ज्या विहिरींचं पाणी पिण्यास अयोग्य, त्या घरांना आतापासून टँकर आणि पावसाळ्यानंतर नळ. अकरा विहिरी. सात नंबर खाली वेगळा लिहिला होता: पिण्यास योग्य.

जुडीवाल्यानं ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "पास झाली! वस्तीत एकटी पास झाली!"

त्याच दुपारी मुलगी आली. आली ती चपलासुद्धा न काढता ओट्यावर बसली. पिशवीतून कागद काढला. हिवाळाभर सात नंबरचा आकडा सगळ्यांत वाईट होता आणि उन्हाळ्यात एकदम खाली. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं मदतनिसाला दोनदा विचारलं होतं.

"बाबा, आपल्या विहिरीची बाटली कशी भरली?"

तो खूश होऊन सांगायला लागला. उपसा सांगितला, गाळ सांगितला, आईच्या कोपराचे वळ दाखवले. पाटाचं पाणी कसं आणलं, चर कुठून कुठं खणला, सगळं हातवारे करून. "अगं, पाटकरी म्हणाला असा नमुना बघितला नाही!"

मुलीनं हातातला कागद खाली ठेवला. तिचं तोंड असं झालं की त्यानं हवेतले हात खाली घेतले.

"काय झालं?"

"जसं आहे तसं हवं होतं, बाबा."

"तसं कुठं म्हणालीस? नीट घ्या म्हणालीस."

ते खरं होतं. तिला एकदम रडू आलं, आणि ती बापावर रडत होती की स्वतःवर, हे तिलाही सांगता आलं नसतं. आई दारात उभी होती. ती फक्त म्हणाली, "म्हणजे टँकर आपल्याला नाही?"

दुसऱ्या दिवशी बापलेक कॉलेजात गेले. जुडीवाल्यानं धुतलेला सदरा घातला होता. लांब व्हरांडा, भिंतीवर मुलांनी काढलेले तक्ते, त्यात एक मुलीचाही: बारा ठिपके, अकरा लाल, एक हिरवा. आपल्या घरचा तो हिरवा ठिपका बघून त्यानं मान फिरवली. मॅडमनी खुर्ची दिली. तो टोकावर बसला.

मॅडमनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "काका, बाराही विहिरींच्या बाटल्या तुम्हीच भरल्यात ना?"

"हो. पण बाकीच्यांत काही केलं नाही. देवाशपथ."

"माझा विश्वास आहे. पण कचेरीत शपथ चालत नाही. एका बाटलीत घोळ आहे म्हटलं की त्याच हातानं भरलेल्या सगळ्याच बाटल्या बाद होतील. कारखान्यानं हरकत घेतलीच आहे, पोरीसोरींचे आकडे कशाला धरता म्हणून. त्यांचा वकील एवढंच शोधतोय. यादी रद्द होईल, टँकर बंद होईल, अकराही घरांचा."

"मग आमच्या एकट्याची परत तपासा," मुलगी म्हणाली. "हिवाळ्याचे आकडे आहेतच की."

"हिवाळ्याचे कचेरी धरत नाही, त्यांना उन्हाळ्याचेच लागतात. आणि आत्ता नवा आकडा वाईट आला की पहिलं विचारतील, मागचा चांगला कसा आला? पुढच्या उन्हाळ्यात नव्यानं करू." मॅडम मुलीकडं बघून म्हणाल्या, "प्रकल्प तुझा आहे. काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्यामागं उभी राहीन."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी सांगून टाकते. खोटा आकडा माझ्या नावावर नको."

"शिवणवालीचा नातू वर्षाचा आहे," बाप म्हणाला. "सुताराच्या घरात सात तोंडं आहेत. त्यांना आता कुठं चांगलं पाणी मिळतंय. तुझ्या खऱ्यापायी त्यांचं तोडू नकोस."

"आणि आईचं?"

त्यानं सदऱ्याचं बटण काढलं, परत लावलं. सगळा रस्ताभर तेच करत होता. घरी आल्यावर मुलीनं कचेरीला काही कळवलं नाही.

टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा, घराला चार घागरी. चार घागरींत होतं काय? यादी लागल्यावर चौथ्याच दिवशी सकाळी शिवणवाली काकू कडेवर नातू आणि हातात कळशी घेऊन विहिरीवर हजर. "भाऊ, तुमच्याकडं अमृत आहे म्हणे! कागदावर लिहिलंय. पोरापुरतं नेते."

जुडीवाला धावत आला. "दोर तुटलाय काकू."

"मी आणते घरून."

"नको, पाणी कमी आहे. तळ गेलाय."

काकूनं वाकून बघितलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, आभाळ दिसत होतं त्यात. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि रिकामी कळशी घेऊन गेली. दुपारी सुताराची सून आली. संध्याकाळी तिघीजणी आल्या. दुसऱ्या दिवशी तो वाफ्यात होता तेवढ्यात कुणीतरी आपला दोर सोडून दोन कळश्या नेल्यासुद्धा. बायको धावत सांगत आली. कुणाच्या घरात गेलं ते पाणी? कुठल्या पोरानं प्यायलं?

मग त्यानं कोयता घेतला. बांधावरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या तोडल्या, ओढत आणल्या आणि विहिरीच्या तोंडावर रचल्या. हात, दंड, मान, सगळं ओरबाडून निघालं. मुलगी मदतीला आली तर त्यानं तिला परत पाठवलं. "तू आत जा. तू इथं दिसू नकोस."

फांद्या रचून होईस्तोवर सुतार आला. जुना दोस्त. वखरापासून खाटेपर्यंत जुडीवाल्याच्या घरातलं सगळं लाकूडकाम त्याच्या हातचं.

"हे काय रे?"

"विहीर माझी आहे."

"तुझीच आहे. पळवून नेतो का कुणी? सगळ्या वस्तीचं पाणी विषारी निघालं, तुझं एकट्याचं चांगलं. त्यावर काटे?"

"ते पाणी... घेऊ नका एवढं ऐक माझं."

"का? कारण सांग."

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर सुतार बायकोला सांगणार, बायको टँकरवर सांगणार, आणि टँकरवरचं बोलणं कारखान्याच्या फाटकापर्यंत जायला दोन दिवसही लागत नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"कारण नाही. द्यायचं नाही, बस," तो म्हणाला.

सुतार एक पाऊल मागं सरला. "वैऱ्यालासुद्धा पाण्याला नाही म्हणत नाहीत," तो म्हणाला. "पोरगी शिकली, कागदावर नाव आलं, आणि तू माजलास. तिनंच दिमाखासाठी स्वतःच्या घरापुरतं चांगलं लिहून घेतलं असेल, असं लोक म्हणत होते. मी भांडलो त्यांच्याशी तुझ्या बाजूनं." तो थुंकला, जुडीवाल्यावर नाही, बाजूला मातीत, आणि निघून गेला.

घरात मुलगी दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली, कारण प्रकल्प वर्गापुढं वाचायचा होता आणि न वाचून चालणार नव्हतं. बापानं तिला बसवर सोडलं. स्टँडवर चौघं ओळखीचे होते. कुणी सरकून जागा दिली नाही.

जुडीवाला सायकलवर शहरातून पाण्याचा एक कॅन आणायचा. बायकोनं तेच प्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि ती लपून त्यातलं त्याच्या तांब्यात ओतायची. पण उन्हाळा वाढला, तिच्या पोटातल्या कळा वाढल्या, तिला सोडून त्याला शहरात जाता येईना. कॅन संपला त्या दिवशी टँकर यायचा होता. तो नको नको म्हणत असताना ती घागर घेऊन निघाली. "बायका आहेत त्या. माझ्याकडं बघून एक घागर देतील."

ओळीत ती शेवटी उभी राहिली. उभं राहवेना तेव्हा घागरीवर बसली. तिचा नंबर आला तेव्हा टँकरवाल्यानं यादी काढली. "सात नंबर? यादीत नाही."

"एकच घागर दे, दादा."

"मी देईन हो. पण घरटी हिशेब आहे. यातल्या कुणाच्या तरी वाटचं द्यावं लागेल." त्यानं ओळीकडं बघितलं. ओळीतल्या बायका आपापल्या घागरीत बघायला लागल्या.

शिवणवाली काकू म्हणाली, फार मोठ्यानंही नाही, "काट्याखालचं प्या की. कागदावर चांगलं लिहिलंय."

ती परत आली. घागर कडेवर होती आणि रिकामी होती, तरी ती मध्ये दोनदा थांबली. जुडीवाला दारातच होता. तिनं घागर खाली ठेवली, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "घसा कोरडा पडलाय हो."

तो उठला. काठीनं दोन फांद्या बाजूला सारल्या, वीतभर जागा झाली, तिथून बादली खाली सोडली. दोर ओढताना एक काटा पंजात मोडला, तो त्यानं काढला नाही. तांब्या भरून तिच्यापुढं धरला. तिचा उजवा हात वर येईना, म्हणून त्यानंच तिच्या तोंडाला लावला.

टँकरवरून परतणाऱ्या बायका बांधावरून चालल्या होत्या. पुढच्या दोघी थांबल्या, मग मागच्याही थांबल्या.

"बघा," सुताराची सून म्हणाली. "स्वतः कशी पितात."

जुडीवाल्याला ते ऐकू आलं. त्यानं तांब्या तसाच धरून ठेवला, तिचं पिऊन होईपर्यंत.